तलवारीचें पाणी आणि आमचा अभिमान

'आपल्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होतें' हें वाक्य अलीकडे आमच्याकडील व्याख्यानमालांत, शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञानदिनीं आणि लग्नाच्या पंक्तींतहि इतक्या सहजतेनें ऐकूं येतें कीं, त्याला पुरावा मागणें हेंच आतां असभ्यपणाचें वाटूं लागलें आहे. नांदेड असो कीं लातूर असो, वक्ता बदलतो, हारतुरे बदलतात. वाक्य मात्र तेंच राहतें. हिंदुस्थानच्या पोलादापासून घडविलेल्या जुन्या तलवारींत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सांपडल्या. अशा नळ्या करणें ही आजची अत्यंत प्रगत विद्या. म्हणून ती विद्या आमच्या पूर्वजांपाशीं होती, असा हा सरळ, सोपा आणि टाळ्या घेणारा न्याय आहे. या न्यायाच्या पायऱ्या तपासून त्यांतील खरें-खोटें वेगळें करावें, एवढाच या लेखाचा हेतु असता तर तो दोन पानांत आटोपला असता. माझें म्हणणें याहून अधिक कडू आहे. तें असें कीं, हा अभिमान ज्या कारागिरांच्या नांवावर मिरविला जातो त्यांचाच तो अपमान आहे. आणि ज्या दोषामुळें त्यांची विद्या निनांवी राहून बुडाली, तोच दोष या अभिमानाच्या रूपानें आज पुन्हां आमच्या सुशिक्षित घरांत नांदत आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २००६ सालच्या नोव्हेंबरांत 'नेचर' या सुप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत जर्मनींतील ड्रेस्डेन येथील राइबोल्ड, पाउफ्लर व त्यांचे सहकारी यांचें एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध झालें. स्वित्झर्लंडांतील बर्न येथील ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांतल्या एका जुन्या तलवारीचा बारीकसा तुकडा त्यांनीं हायड्रोक्लोरिक आम्लांत विरघळविला आणि जें उरलें तें अत्यंत शक्तिशाली अशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. त्यांत त्यांना कार्बनच्या अनेकपदरी नळ्या आणि लोह व कार्बन यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म तंतु आढळले. जपानच्या इजिमा यांनीं १९९१ सालीं ज्या नळ्यांकडे जगाचें लक्ष वेधलें, त्याच जातीच्या या नळ्या. शोध मनोवेधक होता यांत शंका नाहीं.

परंतु आमच्या वक्त्यांच्या तोंडीं येईपर्यंत या टिपणांतील कोणकोणते शब्द गळून पडले तें पाहा. तपासलेली तलवार एक. ती सतराव्या शतकांतील, असद उल्ला या इराणी लोहारानें घडविली असें मानण्यांत येणारी. तिचें पोलाद हिंदुस्थानांतून गेलें असावें हा तर्क सयुक्तिक आहे, पण तो तर्क आहे. त्या नळ्यांमुळेंच पात्याला धार आणि चिवटपणा आला असें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. अशा तलवारींच्या पोलादाचा जन्मभर अभ्यास केलेले अमेरिकेंतील आयोवा स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक वर्होव्हेन यांनीं तर त्याच वेळीं शंका काढली कीं, लोहकार्बाइड स्वतःच काडीच्या आकाराचें असूं शकतें, तेव्हां दिसलें तें नळी कशावरून? बर्कलीच्या झेटल यांनीं आणखी एका धोक्याकडे बोट दाखविलें: अशा सूक्ष्मदर्शक यंत्रांतच केव्हां केव्हां या नळ्या मुळांत असतात. बर्नच्या या संग्रहांतील पात्यांची १९२४ सालीं त्शोके यांनीं कसून परीक्षा केली होती. वांकविण्याच्या परीक्षेंत जर्मनींतील सोलिंगेनचें पातें त्यांच्याहून सरस ठरलें होतें. ही गोष्ट आमच्या व्यासपीठांवर कधीं कोणीं सांगितल्याचें मला स्मरत नाहीं.

सर्वांत बोलका प्रकार घडला तो 'नकळत' या शब्दाच्या बाबतींत. रसायनशास्त्राचें १९९६ सालचें नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालें त्यांपैकीं रॉबर्ट कर्ल हे २००८ सालच्या जानेवारींत विशाखापट्टणम् येथें भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेस आले होते. प्राचीन हिंदी पोलादाचा त्यांनीं गौरवानें उल्लेख केला. मात्र पूर्वजांनीं ही किमया नकळत साधली, असें त्यांचें म्हणणें होतें. पाहुण्याच्या तोंडची स्तुति आम्हीं झेलली आणि त्या स्तुतींतलें जें एकच शास्त्रीय विशेषण होतें तें जमिनीवर पडूं दिलें. नोबेल पारितोषिकाचा मान एवढा कीं, त्या मानकऱ्याचें म्हणणें पूर्ण ऐकण्याचीहि गरज आम्हांस वाटली नाहीं!

आतां या न्यायाची मधली पायरी पाहूं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारें ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. इतक्या लहान मापाची रचना एखाद्या पदार्थांत आहे एवढ्यावरून तो पदार्थ करणाराला नॅनोतंत्रज्ञ म्हणावयाचें ठरविलें, तर जगांत त्या पदवीला अपात्र असा मनुष्य सांपडणें कठीण. स्वयंपाकाच्या गॅसच्या ज्योतींतून जी काजळी निघते तिच्यांतहि कार्बनच्या अनेकपदरी नळ्या आढळल्या आहेत. म्हणजे घरोघरच्या गृहिणी या पदवीच्या धनी झाल्या. नांदेडच्या स्थानकांतून जे रूळ जातात त्यांच्या पोलादांत लोह आणि लोहकार्बाइड यांचे एकाआड एक असे थर असतात, आणि त्या थरांमधलें अंतर शंभर-दोनशें नॅनोमीटरांच्या घरांत असतें. तेव्हां रुळाचें पोलाद ओतणारा प्रत्येक मजूरहि त्याच पंक्तींत बसला. पदार्थांत एखादी गोष्ट असणें निराळें, कर्त्याला ती ठाऊक असणें निराळें, आणि ती हवी तशी बदलतां येणें त्याहून निराळें. तंत्रज्ञान हें नांव या तिसऱ्या पायरीला शोभतें. जुन्या लोहाराला जें दिसत होतें आणि ज्याच्यावर त्याची हुकमत होती, तें म्हणजे पात्यावरचें पाणी, ती लाटांसारखी नक्षी. ती नक्षी लोहकार्बाइडच्या कणांच्या ज्या पट्ट्यांनीं उमटते, त्यांच्यामधलें अंतर केसाच्या जाडीच्या हिशेबांतलें आहे. नळीच्या मापापेक्षां तें हजारों पटींनीं मोठें. लोहाराचा डोळा त्या पट्टीवर होता, नळीवर नव्हे.

घरगुती दाखला घ्यावयाचा तर दह्याचा घ्यावा. आमची आजी दहीं लावीत असे. दह्यांत जीवाणु असतात. म्हणून आजी जीवाणुशास्त्रज्ञ होती, असें कोणी म्हणूं लागला तर आजीच प्रथम हंसेल. पण दूध किती कोमट असावें, विरजण केवढें घालावें, माघाच्या थंडींत भांडें चुलीच्या कोणत्या बाजूस ठेवावें आणि वैशाखांत किती घटकांनीं तें काढावें, हें तिला पक्कें ठाऊक होतें. तें ज्ञान खरें होतें, कष्टानें मिळविलेलें होतें आणि तें तिचें होतें. जो तिला खोटी पदवी देतो तो तिच्या या खऱ्या ज्ञानाची चौकशी करण्याचे श्रम चुकवितो. पोलादाच्या बाबतींत आम्हीं नेमकें हेंच केलें आहे.

तें खरें ज्ञान कोठें होतें? फार दूर जाण्याचें कारण नाहीं. नांदेडहून भोकर-भैंशावरून पूर्वेस निघालें कीं निर्मल लागतें, आणि तेथून गोदावरी ओलांडून दक्षिणेस निझामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम नांवाचें खेडें आहे. हा मुलूख आज तेलंगणांत असला तरी आम्हांस परका नाहीं. नांदेड, निझामाबाद, आदिलाबाद हे तिन्ही जिल्हे एकाच निझामी राज्यांत नांदले, आणि मुधोळ-भैंशाचा भाग तर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यांतच होता. या कोनासमुद्रमचें पोलाद इराणपर्यंत जात असे. दख्खनच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर फिरणारा कंपनी सरकारचा डॉक्टर व भूस्तरशास्त्रज्ञ हेन्री वॉयसी यानें तेथील भट्ट्या स्वतः पाहिल्या. तो १८२४ सालीं वारला. त्याचें टिपण १८३२ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें. पोलाद खरेदी करण्यासाठीं इस्फहानहून आलेला व्यापारी त्याला तेथें भेटला. इराणांत असें पोलाद करून पाहण्याचे प्रयत्न व्यर्थ गेले, असें तेथें येणाऱ्या इराणी व्यापाऱ्यांनीं त्याला सांगितलें.

त्या भट्टीवरचें काम कसें चाले तें ऐकण्यासारखें आहे. दोन निरनिराळ्या ठिकाणचें लोखंड ठराविक प्रमाणांत मिसळावयाचें. एकाच जातीच्या लोखंडानें काम भागत नसे. तें मिश्रण मागल्या भट्टींतल्या थोड्या कांचेसारख्या कीटासह मातीच्या मुशींत घालून मुशीचें तोंड बंद करावयाचें. भाते चालवून अहोरात्र आंच द्यावयाची आणि मग मूस सावकाश निवूं द्यावयाची. मूस फोडली म्हणजे आंत पोलादाची वडी मिळे. ती तशीच ठोकली तर फुटे. म्हणून तिला मातीचा लेप देऊन पुनःपुन्हां, तासन् तास, मंद आंचेंत ठेवीत. मूसहि साधी नव्हे. तिच्या मातींत भाताचें तूस कालविलेलें असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या मुशींच्या खापऱ्या प्रयोगशाळेंत तपासल्या गेल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं, जळालेल्या तुसामुळें मुशीच्या भिंतीला तीव्र आंचेंतहि ढांसळूं न देणारा सांगाडाच मिळत होता. ज्या तुसाला आमच्याकडे किंमत नाहीं, त्याच्यावर हें जगप्रसिद्ध पोलाद उभें होतें.

या प्रत्येक पायरीमागें एक निर्णय आहे. शुद्ध लोखंड वितळावयास १,५३८ अंश सेल्सिअसची आंच लागते. भात्याच्या भट्टीला ती अवघड. पण बंद मुशींत लोखंडानें कार्बन घेतला म्हणजे त्याचा वितळबिंदु उतरतो आणि शेकडा सुमारें दीड इतका कार्बन असलेलें पोलाद हातीं येतें. कार्बन इतका असला म्हणजे पोलाद कडक होतें, पण तापट माणसाप्रमाणें तें भलत्या वेळीं तुटतेंहि. युरोपांतील लोहारांनीं आपल्या संवयीप्रमाणें तें पांढरें होईपर्यंत तापवून ठोकलें आणि त्याचे तुकडे केले. आपले लोहार तें त्याहून मंद आंचेवर, रंग पाहून, धीर धरून ठोकीत. कोणता रंग, किती वेळ, कोणता आवाज, हें सारें त्यांच्या डोळ्यांत, कानांत आणि मनगटांत साठविलेलें होतें. यालाच मी ज्ञान म्हणतों. या ज्ञानापुढें 'नॅनो' हा शब्द केवळ भाड्यानें आणलेला फेटा आहे.

आणि जगानें या ज्ञानाची दखल कशी घेतली? मुंबईंत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यानें या पोलादाच्या वड्या लंडनला सर जोसेफ बँक्स याजकडे पाठविल्या. त्यांवर जॉर्ज पीअर्सन यानें १७९५ सालीं जो निबंध वाचला त्यांत 'वूट्झ' हें नांव प्रथम छापलें गेलें. कानडींतील 'उक्कु' या शब्दाचा तो अपभ्रंश असावा असें विद्वान् मानतात. पुढें १८१९ सालीं मायकेल फॅरडेनें त्याचें पृथक्करण केलें. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. त्याच्या जोडीला स्टोडार्ट होता, तो लंडनमधला सुऱ्या-शस्त्रें करणारा कारागीर. या दोघांचें अनुमान चुकलें. वूट्झचा गुण त्यांतील ॲल्युमिनियमच्या अंशामुळें आहे असें त्यांना वाटलें. पण तें चुकीचें अनुमान पडताळण्याच्या नादांत त्यांनीं पोलादांत निरनिराळे धातु मिसळून जे प्रयोग १८२० व १८२२ सालीं प्रसिद्ध केले, त्यांतूनच मिश्र पोलादाच्या शास्त्राचा एक ओघ निघाला. लोहाराचा मुलगा आणि सुऱ्या करणारा एका मेजाशीं बसले, आणि त्यांची नांवें एकाच निबंधावर छापलीं गेलीं! या उद्गारचिन्हांत आमच्या पराभवाचा सारा इतिहास आहे.

कारण आमच्याकडे त्या मेजाशीं कोण बसला? सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. पात्यावरील कोणता व्रण शुभ आणि कोणता अशुभ, संपत्ति हवी असल्यास शस्त्राला कशाचें पाणी द्यावें, याचें विवरण त्यांत सांपडतें. कोणतें लोखंड कोणत्या लोखंडांत किती मिसळावें, मूस कशाची करावी, ती किती वेळांत निवूं द्यावी, हें त्या अध्यायांत शोधूं नये. ज्याच्या हातांत लेखणी होती त्याला भात्याशेजारीं बसण्यांत कमीपणा वाटला, आणि जो भात्याशेजारीं बसला होता त्याच्या हातीं लेखणी जाऊं दिली गेली नाहीं. कारागीरहि आपली विद्या घराबाहेर जाऊं देत नसत हें खरें. पण ज्याला समाजांत दुसरी कोणतीच मत्ता नाहीं तो आपलें हस्तकौशल्य झांकून ठेवील यांत नवल काय? अशा रीतीनें ग्रंथांत शकुन राहिले आणि कृति मनगटांत राहिली. मनगटें गेलीं, कृति गेली. आज कोनासमुद्रमच्या भट्टीचा तपशील आम्ही वाचतों तो एका परदेशी डॉक्टरच्या टिपणांतून, आणि भट्टीवर राबणाऱ्या त्या तेलुगु लोहारांपैकीं एकाचेंहि नांव आमच्या व्याख्यानांत येत नाहीं.

अभिमानी वक्त्यांना आणखी एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. जगांतील उत्तम पोलाद आमच्या उशाशीं होत असतां मराठेशाहींतील उंची तलवारींपैकीं कित्येकींचीं पातीं युरोपांतून आलेलीं कां असावींत? 'फिरंग' हें तलवारीचें नांवच मराठींत रूढ झालें. तें कशाची साक्ष देतें? घरचें पोलाद इस्फहानच्या बाजारांत आणि परकें पातें आमच्या कमरेला, असा तो व्यवहार होता. आणि तलवारीचा काळ तरी कोठें टिकला? आजच्या लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें १७६० सालच्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निझामावर जो जय मिळविला, त्यांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वांटा मोठा होता. पूर्वजांच्या तलवारीवर भाषण करण्यास उदगीरच्या किल्ल्याइतकें अयोग्य ठिकाण दुसरें नसेल.

या विद्येचा अंत एका कारणानें झाला नाहीं. शेफील्डला हंट्समननें १७४० च्या सुमारास मुशींतील पोलाद काढण्यास आरंभ केला होता; १८५६ सालीं बेसेमरची कृति निघाली आणि पोलाद हा टनावारी विकण्याचा माल झाला. इकडे राजेरजवाड्यांचीं शस्त्रागारें ओस पडूं लागलीं, कोळशासाठीं लागणारें रान महागलें. वर्होव्हेन यांनीं आणखी एक संभाव्य कारण सुचविलें आहे. विशिष्ट खाणींच्या धातुकांत व्हॅनेडियमसारखीं द्रव्यें अत्यल्प प्रमाणांत, शेकडा ०.०२ हूनहि कमी, असत. त्यांच्यामुळेंच पात्यावर ती नक्षी उमटे. त्या खाणी संपल्या, आणि कृति तीच असूनहि नक्षी उमटेना. असें घडलें असेल, तर त्या वेळच्या लोहारावर काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना करावी. हात तोच, आंच तीच, मंत्र तोच. आणि पातें मात्र मुकें. काय बदललें हें त्याला कळण्याचा मार्ग नव्हता, कारण 'काय बदललें' हें शोधण्यासाठीं आधीं 'काय होतें' हें लिहिलेलें असावें लागतें. केवळ परंपरेच्या आधारावर जगणाऱ्या विद्येची मर्यादा ती हीच.

ही मर्यादा ओलांडली कोणीं? वर्होव्हेन यांनीं खरें. पण एकट्यानें नव्हे. त्यांचा जोडीदार आल्फ्रेड पेंड्रे हा अमेरिकेंतील फ्लॉरिडाचा, घोड्यांना नाल ठोकणारा लोहार. प्राध्यापकानें पृथक्करण करावें, लोहारानें मूस चढवावी, पातें घडवावें; फुटलें तर दोघांनीं मिळून विचार करावा. कित्येक वर्षांच्या अशा खटाटोपानंतर जुन्या नमुन्याचीं पातीं पुन्हां तयार झालीं, व्हॅनेडियमचें रहस्य हातीं लागलें, आणि जे निबंध प्रसिद्ध झाले त्यांवर नालबंदाचें नांव प्राध्यापकाच्या नांवाशेजारीं छापलें गेलें. फॅरडे-स्टोडार्टची परंपरा पावणेदोनशें वर्षांनींहि तेथें जिवंत आहे. आमची कोणती परंपरा जिवंत आहे?

ती पाहावयाची तर नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर पाहावी. सुगीच्या आधीं गांवाबाहेर घिसाड्यांचीं पालें पडतात. ट्रकच्या मोडक्या कमानीचे पाटे तापवून ते लोक विळे, खुरपीं, कुऱ्हाडी घडवितात. बाई घण घालते, म्हातारा सांडशी धरतो, पोर भाता फिरवितें. पाटा कोणत्या रंगावर आला म्हणजे पाण्यांत घालावा, आणि धार कडक झाल्यावर पुन्हां किती ऊब दिली म्हणजे ती तुटणार नाहीं, हें तो म्हातारा घड्याळाशिवाय जाणतो. पोलादाला कठीणपणा कसा येतो हें ज्या शास्त्रांत शिकवितात त्याची ती उघड्यावरची प्रयोगशाळाच आहे. तिच्यावरून आमच्या विद्यार्थ्यांनीं भरलेल्या बसगाड्या रोज जातात. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक साऱ्या महाराष्ट्रांत आहे. तो मेहनतीनें मिळविलेला आहे आणि त्याची थट्टा करण्याचा माझा विचार नाहीं. पण पोलादावरचा पांच गुणांचा प्रश्न बिनचूक सोडविणाऱ्या किती मुलांनीं त्या पालापाशीं उभें राहून एक प्रश्न विचारला असेल? विचारला नाहीं, कारण आम्हीं शिकविलें नाहीं. आम्हीं शिकविलें नाहीं, कारण तें पाल विद्येचें ठिकाण आहे असें आम्हांसच कधीं वाटलें नाहीं. मात्र तीच मुलें संध्याकाळीं सभागृहांत बसून 'आपल्या पूर्वजांचें' नॅनोतंत्रज्ञान ऐकतात आणि टाळ्या वाजवितात. जिवंत लोहार रस्त्यावर. मेलेला लोहार व्यासपीठावर! तोहि लोहार म्हणून नव्हे, तर 'पूर्वज' म्हणून. कारण मेल्यावर त्याची जात सोयीस्कर रीतीनें विसरतां येते.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत गुरु गोविंदसिंगांच्या परंपरेंतील शस्त्रांचें भाविकांना नित्य दर्शन घडतें. १७०८ सालीं याच नगरींत त्यांनीं देह ठेवला. त्या शस्त्रांपुढें मस्तक नमविणारा त्यांच्या पोलादाला नमस्कार करीत नसतो, तर तीं धारण करणाऱ्या त्यागाला करीत असतो. श्रद्धेला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाहीं, आणि म्हणूनच ती खोटें बोलत नाहीं. माझें भांडण श्रद्धेशीं नाहीं. शास्त्राचा वेष घेऊन शास्त्राचे श्रम टाळणाऱ्या गर्वाशीं आहे.

कोणी म्हणेल, 'प्राध्यापकमहाशय, आमचा मराठवाडा मागासलेला. पिढ्यान् पिढ्या त्याला हिणविलें गेलें. तरुणांना थोडा अभिमान वाटला, तर तुमचें काय बिघडतें? अतिशयोक्ति असली तरी ती उत्साहवर्धक आहे.' हा आक्षेप सद्‌हेतूचा आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे. खोट्या अभिमानाचा पहिला परिणाम असा कीं, जें सर्व पूर्वींच सिद्ध झालें आहे तें पुन्हां शोधण्याची गरज उरत नाहीं. दुसरा परिणाम असा कीं, मुलगा पुढें खरोखर शास्त्र शिकूं लागला आणि त्याला मूळ टिपण वाचावयास मिळालें, कीं त्याचा सर्वच परंपरेवरचा विश्वास उडतो. मग कोनासमुद्रमची खरी भट्टीहि त्याला थापच वाटते. फुगविलेला अभिमान आणि तुच्छताबुद्धि हीं एकाच आळसाचीं जुळीं अपत्यें आहेत. 'येथें सर्व होतें' म्हणणारा आणि 'येथें कांहींच नव्हतें' म्हणणारा, दोघेहि एका गोष्टींत एकमताचे असतात: जाऊन पाहण्याची गरज नाहीं.

जाऊन पाहिल्यानें काय लाभतें याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. नागपूर जिल्ह्यांतील नायकुंड येथें १९७८ ते १९८० या काळांत डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनीं केलेल्या उत्खननांत महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी उजेडांत आली. तिच्यामुळें विदर्भांत दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीं लोखंड गाळीत होते, हें विधान भाषणांतून उठून पुराव्याच्या पंक्तीला बसलें. बंगळूरच्या शारदा श्रीनिवासन् व श्रीनिवास रंगनाथन् यांनीं २००४ सालीं वूट्झवर पुस्तक लिहिलें तें तरी काय आहे? मुशींच्या खापऱ्या वेंचून, कापून, पाहून मिळविलेला अभिमान. तो कमी उंच नाहीं. फक्त त्याला पायऱ्या आहेत.

तेव्हां आम्हीं काय करावें? नांदेडला १९९४ सालीं स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे; नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या छत्राखालीं आहेत. पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी आहेत, इतिहासाचे आहेत, आणि देगलूर, बिलोली, धर्माबादकडचीं घरीं तेलुगु बोलणारीं मुलेंहि आहेत. त्यांनीं सुटीच्या दिवसांत सीमेवरच्या गांवोगांव हिंडून कोठें लोखंडाचा कीट पडलेला आहे काय, कोठें मुशीच्या खापऱ्या उकरल्या जातात काय, हें पाहावें. सांपडलें तर नकाशावर खूण करावी. न सांपडलें तर तसेंहि लिहावें, कारण 'येथें नाहीं' हेंहि ज्ञानच आहे. लोहारांच्या आणि घिसाड्यांच्या बोलींतले आंचेचे, रंगांचे, पाण्याचे शब्द टिपून घ्यावेत. पोलादाला 'तिखें' हा आपला जुना शब्द आहे हें आज किती पदवीधरांना ठाऊक आहे? त्या म्हाताऱ्यानें पाणी दिलेला विळा कापून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा आणि जें दिसेल तें प्रथम त्यालाच दाखवावें. आणि या खटाटोपांतून निबंध निघाला, तर त्याच्यावर त्या म्हाताऱ्याचें नांव छापावें. आभाराच्या ओळींत नव्हे, लेखकांच्या ओळींत.

२०१८ सालीं लातूरला रेल्वेचे डबे बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला बसली. पोलाद कापण्याचें, जोडण्याचें काम आतां आमच्या मुलांच्या हातीं यावयाचें आहे. त्यांनीं त्या पोलादाकडे केवळ हुकुमाप्रमाणें पाहावें कीं जाणतेपणानें, हा प्रश्न व्याख्यानमालेच्या टाळ्यांनीं सुटणारा नाहीं. तलवारीला पाणी चढतें तें ऐरणीवर आणि आंचेंत. स्तुतीच्या मंडपांत पात्याला फक्त गंज चढतो. आमच्या बुद्धीलाहि तोच नियम लागू आहे.